आकाशाचा पहारेकरी

निरभ्र रात्री आकाशाकडे पाहिले म्हणजे तेथे अखंड शांतता नांदत आहे असे वाटते. काल जेथे सप्तर्षी होते तेथेच ते आजही असतात. आजोबांनी लहानपणी पाहिलेला ध्रुवतारा नातवालाही त्याच जागी दिसतो. पृथ्वीवर ऋतू पालटतात, राज्ये येतात आणि जातात. तारे मात्र बदलत नाहीत, असा मनुष्याचा हजारो वर्षांचा अनुभव आहे. परंतु ही शांतता केवळ दिसण्यापुरतीच आहे. आपल्या आकाशगंगेच्या पलीकडे, अफाट अंतरावर, तिच्यासारखेच ताऱ्यांचे असंख्य समूह पसरलेले आहेत. त्यांना दीर्घिका असे म्हणतात. ह्या दीर्घिकांमध्ये क्षणोक्षणी कोठे ना कोठे एखादा तारा भयंकर स्फोटाने फुटत असतो. तो स्फोट आपल्याला ऐकू येत नाही, आणि त्याचा प्रकाश इतक्या दुरून येतो की शोधणाऱ्यालाच तो सापडतो. असा शोध घेण्यासाठी ज्यांनी चाळीस वर्षे आकाशावर पहारा ठेवला, त्या शास्त्रज्ञाचे नाव फ्रिट्झ झ्विकी.

काळ्या समुद्राच्या काठी बल्गेरिया देशात वार्ना नावाचे बंदर आहे. तेथे १४ फेब्रुवारी १८९८ रोजी झ्विकी ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील मूळचे स्वित्झर्लंडमधील ग्लारूस प्रांताचे. व्यापाराच्या निमित्ताने ते वार्ना येथे स्थायिक झाले होते. मुलानेही व्यापारातच लक्ष घालावे अशी त्यांची इच्छा होती. म्हणून फ्रिट्झ अवघा सहा वर्षांचा असताना त्यांनी त्याला शिक्षणासाठी आजीआजोबांकडे ग्लारूसला पाठविले. आईवडिलांपासून दूर, चहूबाजूंनी उंच पर्वतांनी वेढलेल्या त्या गावात हा मुलगा वाढला. त्या पर्वतांनी त्याला दोन गोष्टी दिल्या. एक काटक शरीर, आणि दुसरी, जेथे वाट नाही तेथे वाट काढण्याची सवय. गिर्यारोहणाचा छंद त्यांना पुढे आयुष्यभर पुरला.

व्यापाराच्या हिशेबांत मात्र त्यांचे मन रमले नाही. गणित आणि पदार्थविज्ञान हे विषय त्यांना अधिक प्रिय होते. झूरिच येथील ज्या विख्यात तंत्रशास्त्र संस्थेत आइन्स्टाइन ह्यांचे शिक्षण झाले होते, त्याच संस्थेत झ्विकी शिकले आणि १९२२ साली त्यांनी डॉक्टर ही पदवी मिळविली. त्यांचा त्या वेळचा विषय होता मिठाच्या स्फटिकांची रचना. मिठाच्या खड्यापासून दूरच्या दीर्घिकांपर्यंतचा हा प्रवास विलक्षणच म्हटला पाहिजे. पण तो घडून आला तो एका योगायोगाने. १९२५ साली एक शिष्यवृत्ती मिळवून झ्विकी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पॅसाडीना ह्या गावी गेले. तेथील तंत्रशास्त्र संस्थेत स्फटिकांचाच अभ्यास पुढे चालवावा, असे ठरले होते. परंतु पॅसाडीनाच्या डोक्यावरच माउंट विल्सन नावाचा डोंगर उभा आहे, आणि त्या डोंगरावर त्या काळी जगातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. तिचा आरसा १०० इंच व्यासाचा होता.

त्या दुर्बिणीने नुकतीच एक मोठी क्रांती घडविली होती. देवयानी नक्षत्रात धुरकट ढगासारखा एक पुंजका दिसतो. तो आपल्याच आकाशगंगेतील वायूचा ढग असावा, असे पुष्कळांना वाटे. एडविन हबल ह्या ज्योतिर्विदाने १९२४ साली दाखवून दिले की तो ढग नव्हे, तर आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडे असलेली एक स्वतंत्र दीर्घिका आहे. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लक्ष किलोमीटर जातो. त्या वेगानेही देवयानीतील दीर्घिकेपासून आपल्यापर्यंत येण्यास त्याला सुमारे २५ लक्ष वर्षे लागतात.

ह्या एका शोधामुळे एक जुनीच गोष्ट एकाएकी कोड्यात पडली. १८८५ साली देवयानीच्या त्या पुंजक्यात एक नवा तारा दिसला होता. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसावा एवढेच त्याचे तेज होते, आणि काही महिन्यांत तो दिसेनासा झाला. पूर्वी नसलेला तारा असा अकस्मात दिसू लागला म्हणजे ज्योतिषी त्याला नवतारा म्हणत. असे नवतारे अधूनमधून दिसतच. त्यामुळे १८८५ च्या ताऱ्याचे कोणाला फारसे नवल वाटले नव्हते. पण तो पुंजका जर इतका दूर असेल, तर तेथील एकट्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचलाच कसा? दूरच्या टेकडीवरचा दिवा डोळ्यांना दिसला, तर तो घरातल्या समईसारखा असेल काय? तो तारा कोट्यवधी सूर्यांइतका तेजस्वी असला पाहिजे, हे उघड होते.

झ्विकी ह्यांच्या मनाला ह्या कोड्याने पछाडले. त्यांच्याप्रमाणेच ह्या विषयात गढलेले वॉल्टर बाडे हे जर्मन ज्योतिर्विद १९३१ साली माउंट विल्सनवर आले. स्वभावाने दोघे अगदी भिन्न होते. बाडे हे निरीक्षणात निष्णात, जपून बोलणारे. झ्विकी कल्पनांनी भरलेले आणि बोलण्यात कोणाचीही भीड न ठेवणारे. तरीही काही वर्षे दोघांचे चांगले जमले. साध्या नवताऱ्यांहून हजारो पटींनी तेजस्वी असा नवताऱ्यांचा एक वेगळाच वर्ग आहे, असे ह्या दोघांनी प्रतिपादन केले आणि त्याला सुपरनोव्हा, म्हणजे अतिदीप्त नवतारा, हे नाव रूढ केले.

पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९३३ च्या डिसेंबरमध्ये शास्त्रज्ञांच्या एका सभेत, आणि पुढील वर्षी लेखांच्या रूपाने, त्यांनी जे मत मांडले ते ऐकून अनेक विद्वान थक्क झाले. अतिदीप्त नवतारा म्हणजे जन्मलेला नवा तारा नव्हे, तर मरणारा जुना तारा होय, असे त्यांचे म्हणणे होते. ताऱ्याचा अंतर्भाग स्वतःच्याच भाराने आत कोसळतो. कोसळताना अपार शक्ती मोकळी होते आणि बाहेरची आवरणे प्रचंड वेगाने अवकाशात उधळली जातात. मागे उरतो तो एक लहानसा गोळा. अणूच्या गर्भात न्यूट्रॉन नावाचे जे कण असतात ते एकमेकांना अगदी चिकटून तो गोळा बनलेला असतो. सूर्याहून अधिक द्रव्य एखाद्या शहराएवढ्या गोळ्यात कोंबलेले! त्यातील साखरेच्या खड्याएवढा तुकडादेखील कोट्यवधी टन वजनाचा भरेल. शिवाय, अवकाशातून पृथ्वीवर अहोरात्र येणारे विश्वकिरणही ह्याच स्फोटांत निर्माण होत असावेत, असे तिसरे अनुमान त्यांनी केले.

न्यूट्रॉन ह्या कणाचा शोध लागून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या कल्पनेचे धाडस कळते. ज्या कणाशी शास्त्रज्ञांची नीट ओळखही झालेली नव्हती, त्या कणाचा अख्खा तारा बनविण्याची गोष्ट पुष्कळांना हास्यास्पद वाटली. १९३४ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका वृत्तपत्राने तिच्यावर व्यंगचित्रही छापले. झ्विकी त्यावर रागावले नाहीत. आपली तिन्ही अनुमाने त्या चित्राने दोनचार ओळींत नेमकी सांगितली, ह्याचे त्यांना पुढे कित्येक वर्षे कौतुकच वाटे.

त्यांच्या चमत्कारिक वाटणाऱ्या कल्पना एवढ्याच नव्हत्या. अरुंधती केश ह्या तारकापुंजाच्या दिशेला दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. त्यातील दीर्घिकांचे वेग तपासता झ्विकी ह्यांना १९३३ साली असे आढळले की त्या फारच वेगाने धावत आहेत. समूहातील दिसणाऱ्या ताऱ्यांच्या आकर्षणाने त्या एकत्र राहणे शक्यच नव्हते. त्या केव्हाच पांगून गेल्या असत्या. तेव्हा तेथे न दिसणारे पुष्कळ द्रव्य असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज ज्याला कृष्णद्रव्य म्हणतात त्याची ही पहिली ठळक चाहूल होती. तिकडेही जवळजवळ चाळीस वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

कल्पना कितीही भव्य असली तरी पुराव्यावाचून ती लंगडी असते, हे झ्विकी पुरते जाणून होते. अतिदीप्त नवतारे खरोखर असतील, तर ते शोधून दाखविले पाहिजेत. पण शोधावयाचे कोठे? आपल्या आकाशगंगेत असा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसल्याला ३०० वर्षांहून अधिक काळ लोटला होता. १६०४ साली केप्लरने पाहिलेला तारा हा शेवटचा. एका दीर्घिकेवर डोळे लावून बसावे, तर कदाचित सारा जन्म संपेल. ह्यावर त्यांनी काढलेली युक्ती साधी होती. एका झाडाचे फळ केव्हा पडेल हे सांगता येत नाही. पण हजार झाडांच्या बागेत रोज फेरी मारली तर एखादे फळ पडलेले सापडतेच. तेव्हा एका दीर्घिकेऐवजी एकदम हजारो दीर्घिकांवर पाळत ठेवावी, असे त्यांनी ठरविले.

मोठी दुर्बीण ह्या कामाची नव्हती. ती दूरचे पाहते, परंतु एका वेळी आकाशाचा अगदी लहान तुकडाच पाहते. खिडकीच्या फटीतून बाजार पाहावा तसा. म्हणून झ्विकी ह्यांनी १९३४ साली आपल्या संस्थेच्या गच्चीवर साडेतीन इंचांहूनही लहान भिंगाचा एक छायाचित्रक बसविला आणि कन्या राशीतील दीर्घिकांच्या समूहाची छायाचित्रे घेण्यास प्रारंभ केला. दोन वर्षे गेली. एकही अतिदीप्त नवतारा सापडला नाही. नसलेली वस्तू शोधणारा मनुष्य, अशी त्यांची थट्टा होऊ लागली. अशा वेळी दुसरा कोणी आपल्या कल्पनेविषयीच साशंक झाला असता. आपली कल्पना चुकीची नसून आपले साधन तोकडे आहे, असे झ्विकी ह्यांनी मानले.

ते साधन त्यांना मिळाले ते एका हाताने अधू असलेल्या कारागिराच्या बुद्धीमुळे. बर्नहार्ट श्मिट हा एस्टोनियात जन्मलेला भिंगे घडविणारा कसबी मनुष्य. लहानपणी दारूगोळ्याचा खेळ करताना त्याने आपला उजवा हात गमावला होता. उरलेल्या एका हाताने तो आरसे आणि भिंगे घाशी. १९३० साली त्याने अशी दुर्बीण बनविली की तिच्यातून आकाशाचा फार मोठा भाग एकदम आणि स्वच्छ दिसे. बाडे ह्यांची आणि श्मिटची हँबुर्गमध्ये मैत्री होती. त्यांच्यामुळे ही वार्ता पॅसाडीनाला कळली. झ्विकी ह्यांनी आग्रह धरला, आणि पॅसाडीनापासून शंभरावर मैल दूर असलेल्या पालोमार पर्वतावर १९३६ साली १८ इंचांची श्मिट दुर्बीण उभी राहिली. त्या पर्वतावरची ती पहिली दुर्बीण होय. शेजारीच २०० इंचांच्या महाकाय दुर्बिणीसाठी इमारत बांधण्याचे काम चालू होते. त्या प्रचंड घुमटापुढे ही दुर्बीण खेळण्यासारखी दिसे. पण तिच्या एका छायाचित्रात पूर्ण चंद्राची शेकडो बिंबे मावतील एवढे आकाश येई.

मग तो पहारा सुरू झाला. चांदण्या नसलेल्या काळोख्या रात्री झ्विकी किंवा त्यांचे साहाय्यक पर्वतावर जात. थंडीने बोटे बधिर होत. दुर्बिणीला डोळा लावून, आकाशाच्या गतीबरोबर ती तसूतसूने सरकत राहील अशी दक्षता घ्यावी लागे. एका भागाचे छायाचित्र झाले की दुसरा भाग, मग तिसरा. काही आठवड्यांनी पुन्हा तेच भाग. दोन छायाचित्रे शेजारी ठेवून त्यांतील प्रत्येक दीर्घिका ताडून पाहावयाची, आणि आधीच्या चित्रात नसलेला एखादा ठिपका नव्या चित्रात आहे काय हे बघावयाचे. कंटाळवाण्या कामाची ह्याहून मोठी परीक्षा क्वचितच असेल. कधी तो ठिपका म्हणजे धुळीचा कण निघे, कधी वाटेत आलेला एखादा लघुग्रह.

१९३७ च्या मार्च महिन्यात पहिला खरा ठिपका सापडला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये श्यामशबल ह्या तारकापुंजातील एका लहानशा, अंधुक दीर्घिकेत दुसरा तारा प्रकटला. तो इतका तेजस्वी होता की ज्या दीर्घिकेत तो फुटला, त्या संपूर्ण दीर्घिकेपेक्षाही त्याचे तेज कित्येक पटींनी अधिक होते. थट्टा करणाऱ्यांची तोंडे बंद झाली. बाडे ह्यांनी मोठ्या दुर्बिणीने त्याच्या तेजाची चढउतार मोजली. इतरांनी त्याच्या प्रकाशाचे पृथक्करण केले. अतिदीप्त नवतारे सर्व एकाच जातीचे नसतात, हेही त्यातून पुढे कळून आले. गंमत अशी की १९३७ च्या ऑगस्टमधील तो तारा ज्या जातीचा होता, त्या जातीच्या स्फोटात तारा पूर्णपणे उधळून जातो. मागे न्यूट्रॉनचा गोळा राहत नाही. झ्विकी आणि बाडे ह्यांचे अनुमान लागू पडते ते दुसऱ्या जातीला, सूर्याहून कितीतरी जड असलेल्या ताऱ्यांना. शोधाच्या वाटेवर असे अनेकदा घडते.

झ्विकी ह्यांनी आपल्या आयुष्यात असे सुमारे १२० अतिदीप्त नवतारे शोधून काढले. एकट्या मनुष्याने एवढे तारे शोधल्याचे उदाहरण त्या काळी दुसरे नव्हते. १९४२ साली त्यांची ज्योतिषशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी अग्निबाणांच्या यंत्रांवर संशोधन केले, आणि त्याबद्दल १९४९ साली अमेरिकेच्या अध्यक्षांकडून त्यांना पदक मिळाले. तरीही आपले स्विस नागरिकत्व त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. युद्धात बेचिराख झालेल्या देशांतील ग्रंथालये पाहून त्यांना फार हळहळ वाटली. घरोघरी पडून असलेली शास्त्रीय पुस्तके आणि नियतकालिके गोळा करण्याचा उपक्रम त्यांनी हाती घेतला, आणि वर्षानुवर्षे पेट्यांमागून पेट्या भरून ती परदेशी रवाना केली. पुस्तके बांधण्याचे काम ते स्वतःही करीत. एवढ्या नावाजलेल्या प्राध्यापकाला हातात दोरी घेऊन खोकी आवळताना पाहून लोकांना नवल वाटे.

ह्याच मनुष्याचा दुसरा पैलूही सांगितला पाहिजे. झ्विकी फार तापट होते. स्वतःच्या बुद्धीवर त्यांचा जेवढा विश्वास होता, तेवढा दुसऱ्यांच्या बुद्धीवर नव्हता, आणि हे ते बोलून दाखवीत. आपल्या कल्पना इतरांनी चोरल्या किंवा मुद्दाम दडपल्या, असा त्यांचा ग्रह झाला होता. बाडे ह्यांच्याशी त्यांचे पुढे इतके बिनसले की दोघांना एकत्र काम करणे अशक्य झाले. १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घिकांच्या एका सूचीच्या प्रस्तावनेतही त्यांनी आपल्या समकालीनांवर कडक टीका केली. सूची वाचणाऱ्याला दीर्घिकांआधी हे भांडणच वाचावे लागे. त्यांच्या अनेक खऱ्या कल्पना लोकांनी लवकर मानल्या नाहीत ह्याला त्या कल्पनांचा नवेपणा कारण होता, हे खरेच; पण काही अंशी त्यांची जीभही कारण झाली. सांगतात की, दुर्बिणीसमोरची हवा स्थिर व्हावी म्हणून त्यांनी एकदा साहाय्यकाला घुमटाच्या फटीतून बंदुकीची गोळी झाडावयास लावली. हवा काही स्थिर झाली नाही. परंतु सुचलेली गोष्ट करून पाहिल्याखेरीज सोडावयाची नाही, हा त्यांचा स्वभाव ह्या आख्यायिकेत चांगला दिसतो.

न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पना मात्र तशीच पडून होती. असा तारा इतका लहान की तो दिसणार कसा, असे म्हणून बहुतेकांनी तिचा विचार सोडून दिला होता. वर्षे लोटली. १९६७ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे जोसेलिन बेल ही तरुण विद्यार्थिनी आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींची नोंद तपासत असताना तिला एक चमत्कारिक खूण दिसली. सुमारे १.३ सेकंदांनी एक, अशा घड्याळाच्या टिकटिकीसारख्या नियमित स्पंदनांची ती खूण होती. १९६८ च्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच्या दहाच दिवस आधी झ्विकी ह्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली होती. त्याच वर्षी वृषभ राशीतील खेकड्याच्या आकाराच्या तेजोमेघात तसाच एक स्पंदणारा तारा सापडला. तो सेकंदाला सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरत होता. इतक्या वेगाने फिरूनही तुकडे न होणारा तारा न्यूट्रॉनचाच असू शकतो. आणि तो तेजोमेघ म्हणजे चिनी ज्योतिष्यांनी १०५४ साली नोंदलेल्या अतिदीप्त नवताऱ्याचा अवशेष. फुटलेला तारा आणि मागे उरलेला न्यूट्रॉनचा गोळा, दोन्ही एकाच ठिकाणी सापडले. ज्या कल्पनेचे व्यंगचित्र झाले होते ती खरी ठरण्यास चौतीस वर्षे लागली, आणि ती खरी ठरलेली पाहण्यास झ्विकी हयात होते. १९७२ साली इंग्लंडच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना आपले सुवर्णपदक दिले.

त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षात आकाशातील स्फोटांच्या कथेत एक नवेच प्रकरण उघडले. अणुबाँबच्या चोरट्या चाचण्या पकडण्यासाठी अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले होते. बाँबच्या स्फोटातून गॅमा किरण निघतात; ते टिपण्याची यंत्रे त्यांवर होती. २ जुलै १९६७ रोजी त्या यंत्रांनी गॅमा किरणांचा एक क्षणिक लोळ टिपला. पण तो कोणत्याही बाँबचा नव्हता. तसे आणखी लोळ आले, आणि ते पृथ्वीवरून नव्हे तर दूर अवकाशातून येत होते. ही वार्ता १९७३ साली जाहीर झाली. काही सेकंद किंवा फार तर काही मिनिटे टिकणारे हे लोळ कोठून येतात, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ८ फेब्रुवारी १९७४ रोजी पॅसाडीना येथे झ्विकी ह्यांचे निधन झाले. ग्लारूस प्रांतातील मोलिस ह्या गावी, लहानपणी पाहिलेल्या पर्वतांच्या सावलीत, त्यांना मूठमाती देण्यात आली.

त्या लोळांचे रहस्य उलगडण्यास आणखी तेवीस वर्षे लागली. १८८५ च्या ताऱ्यापुढे जो प्रश्न उभा राहिला होता तोच येथेही होता: अंतर किती? २८ फेब्रुवारी १९९७ रोजी एका लोळानंतर त्याच जागी मावळत जाणारा मंद प्रकाश दिसला, आणि त्याच्या मागे एक अंधुक दीर्घिका आढळली. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील दुसऱ्या लोळाच्या प्रकाशाचे पृथक्करण केले, तेव्हा तो प्रकाश सहाशे कोटी वर्षांहूनही आधी निघाला होता असे दिसून आले.

मग हे स्फोट दीर्घिकेच्या कोणत्या भागात होतात, ह्याचा शोध सुरू झाला. दोन सेकंदांहून अधिक टिकणारे लोळ बहुधा लहान, ओबडधोबड आकाराच्या दीर्घिकांमध्ये, आणि त्यांतही जेथे नवे तारे जन्मत असतात अशा तेजस्वी जागी आढळले. ह्याचे कारण समजण्यासारखे आहे. अतिशय जड तारा आपले इंधन भराभर जाळून काही दशलक्ष वर्षांतच मरतो. जन्मस्थान सोडून दूर जाण्यास त्याला अवधीच मिळत नाही. म्हणून पाळणा आणि चिता एकाच ठिकाणी. असा तारा आत कोसळताना दोन बाजूंना शक्तीचे झोत सुटतात, आणि त्यांतला एक आपल्या दिशेने असला तर आपल्याला गॅमा किरणांचा लोळ दिसतो. त्या पाठोपाठ त्याच ठिकाणी अतिदीप्त नवतारा उजळल्याचेही काही वेळा दिसले आहे. दोन सेकंदांहून कमी टिकणारे लोळ मात्र जुन्या ताऱ्यांच्या दीर्घिकांतही, कधी दीर्घिकेच्या अगदी कडेलाही आढळतात. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांना जवळ येऊन आदळण्यास फार मोठा काळ लागतो, आणि तोपर्यंत ते जन्मस्थानापासून दूर भटकलेले असतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेत अशा दोन ताऱ्यांची टक्कर शास्त्रज्ञांना प्रथमच पाहावयास मिळाली.

झ्विकी ह्यांनी सुरू केलेला पहाराही थांबला नाही. पालोमार पर्वतावरील ४८ इंचांच्या श्मिट दुर्बिणीवर एक विशाल छायाचित्रक बसवून २०१८ साली एक नवे सर्वेक्षण सुरू झाले. दर दोनतीन रात्रींनी उत्तरेकडील सारे आकाश तपासून बदललेले ठिपके शोधावयाचे, हे त्याचे काम, आणि त्याला झ्विकी ह्यांचेच नाव देण्यात आले. जे काम एक मनुष्य दोन चित्रे शेजारी ठेवून करीत असे ते येथे संगणकाकडे आले, आणि सर्वेक्षणाने हजारो अतिदीप्त नवतारे शोधून काढले. पालोमारवर सूर्य उगवला म्हणजे तेथील निरीक्षण थांबते. तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूने पाहणारे कोणी हवे असते. ह्या कामासाठी लडाखमधील हानले येथे एक भारतीय दुर्बीण त्याच वर्षी कामास लागली. तिच्या उभारणीत बंगळूरच्या खभौतिकी संस्थेबरोबर मुंबईच्या तंत्रशास्त्र संस्थेचाही हात होता.

१८ इंचांच्या त्या जुन्या दुर्बिणीचे काम विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाले. पुढे तिला पालोमारच्या प्रेक्षकगृहात नेऊन ठेवण्यात आले. पर्वतावर येणारे लोक प्रथम २०० इंचांच्या दुर्बिणीचा घुमट पाहण्यास उत्सुक असतात. ह्या लहान दुर्बिणीजवळ ते थोडा वेळ थांबतात, पाटी वाचतात आणि मग घुमटाच्या वाटेने पुढे जातात.